ब्रिस्टलचा अर्धाच वाचलेला धडा

११ जानेवारी १९९५ रोजी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत डॉक्टरांची एक बैठक झाली. दुसऱ्या दिवशी अठरा महिन्यांच्या एका मुलावर ‘आर्टिरिअल स्विच’ ही शस्त्रक्रिया व्हायची होती. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्या काही बाळांत जन्मतःच अदलाबदल झालेल्या असतात. त्या सोडवून पुन्हा योग्य जागी जोडण्याचे हे अवघड काम आहे. या शस्त्रक्रियेत तिथल्या मुलांचे मृत्यू इतर केंद्रांच्या मानाने जास्त होत आहेत, अशी शंका बरीच वर्षे धुमसत होती. शस्त्रक्रिया करावी, असे बैठकीचे मत पडले. विरोध केला तो स्टीफन बोल्सिन या एकट्या भूलतज्ज्ञाने. १२ तारखेला मुलाला टेबलावर घेतले आणि ते तिथेच दगावले. बोल्सिन १९८८ मध्ये या रुग्णालयात आले होते. इथली ऑपरेशने फार वेळ चालतात, बाळे फार वेळ हृदय-फुप्फुस यंत्रावर राहतात, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. १९९० मध्ये त्यांनी रुग्णालयाच्या प्रमुखांना पत्र लिहिले; पुढे एका सहकाऱ्याबरोबर स्वतःच आकडे जमवले. १९९२ मध्ये ‘प्रायव्हेट आय’ या उपहासात्मक पाक्षिकात या विभागाबद्दल छापूनही आले. तरीही कामकाज जसेच्या तसे चालू राहिले. १९९८ मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने जेम्स विशर्ट हे शल्यविशारद आणि रुग्णालयाचे प्रमुख जॉन रॉयलन्स, जे स्वतःही डॉक्टर होते, या दोघांची नावे वैद्यकांच्या नोंदवहीतून काढली. दुसरे शल्यविशारद जनार्दन धस्माना यांच्यावर मुलांच्या शस्त्रक्रियेपुरती तीन वर्षांची बंदी आली. त्याच वर्षी इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी बसली आणि जुलै २००१ मध्ये तिचा अहवाल आला.

१९९१ ते १९९५ या काळात, एक वर्षाच्या आतल्या वयाची ३० ते ३५ बाळे सर्वसाधारण केंद्राच्या तुलनेत इथे जास्त मरण पावली, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता. खुल्या हृदयशस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या सुमारे एक तृतीयांश मुलांना पुरेशी चांगली शुश्रूषा मिळाली नव्हती. एवढे आकडे पाहिले की वाचणाऱ्याची नजर लगेच दोषी माणसे शोधू लागते. अहवालाने मात्र ती वाट धरली नाही. इथली माणसे कष्टाळू होती, आपल्या कामावर त्यांची निष्ठा होती. पण ती एकमेकांशी बोलत नव्हती, सत्ता मोजक्या हातांत गोळा झाली होती आणि बाहेरून कोणी विचारणारे नव्हते, असे त्याने नोंदवले. मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ बालरुग्णालयात आणि खुली शस्त्रक्रिया मात्र मोठ्यांच्या इन्फर्मरीत, अशी विभागणी होती. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागातल्या बाळाची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर कोणापाशीही स्पष्ट नव्हते. अहवालात १९८ शिफारशी होत्या आणि त्यांतल्या काहींचा सूर असा होता की डॉक्टर, परिचारिका आणि इतर व्यावसायिकांना एकत्र शिकण्याच्या, एकत्र सराव करण्याच्या संधी वाढवल्या पाहिजेत. पुढच्या वीस वर्षांत हाच सूर सर्वांत जास्त उचलला गेला. आंतरव्यावसायिक शिक्षण हे वैद्यकीय शिक्षणातले मोठे संशोधनक्षेत्र झाले. माझे म्हणणे असे, की इथे ब्रिस्टलचा धडा अर्धाच वाचला गेला. एकत्र शिकवणे आवश्यक आहे. पण बाळांचे प्राण वाचतात ते कामाच्या जागेचा नियम बदलला, म्हणजे कनिष्ठाला थांबवण्याचा हक्क मिळाला आणि निकालांचे आकडे सगळ्यांपुढे उघडे राहिले तर. गेल्या पाव शतकाचे संशोधन नीट मांडून पाहिले तर ते हेच सांगते.

एकत्र शिकण्याची कल्पना ब्रिस्टलमध्ये जन्मली नव्हती. १९६७ मध्ये लिओनार्ड स्टाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातल्या एका ‘खेळा’वर लेख लिहिला. परिचारिकेला औषध सुचवायचे असते, पण ते सुचवले असे दिसता कामा नये. डॉक्टरला सल्ला हवा असतो, पण तो मागितला असे दिसता कामा नये. दोघेही हा आडवळणाचा संवाद शिकाऊ वयातच आत्मसात करतात, असे त्याचे निरीक्षण होते. १९७२ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आरोग्यसेवेच्या चमूसाठी शिक्षण कसे असावे यावर अहवाल काढला. या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. खेड्यातल्या, बहुतेक अक्षरओळख नसलेल्या बायका त्यांनी आरोग्यसेविका म्हणून निवडल्या. या बायका दर आठवड्याला केंद्रात येत, गावात काय दिसले ते सांगत, नवे शिकत आणि परत जात. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याबरोबर त्यांचे शिकणे असे कामातूनच चालू राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकांच्या हातून चालणाऱ्या आरोग्यसेवेवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. १९७८ च्या अल्मा-अता जाहीरनाम्याने डॉक्टर, परिचारिका, सुईणी आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनी एक चमू म्हणून काम करावे आणि त्यासाठी त्यांना प्रशिक्षण मिळावे, असे म्हटले. १९८६ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाने वेगवेगळ्या आरोग्यशाखांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमाचा काही भाग एकत्र शिकवायला सुरुवात केली. १९८७ मध्ये ब्रिटनमध्ये या विषयाला वाहिलेली ‘केप’ ही संस्था निघाली आणि १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकत्र काम करण्यासाठी एकत्र शिकण्यावर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणजे बोल्सिन ब्रिस्टलला रुजू झाले त्या वर्षी कल्पना कागदावर पूर्ण तयार होती. तिने जीव वाचतात याचा पुरावा तेवढा कोणापाशी नव्हता.

तो शोधायला निघालेल्यांच्या हाती काय लागले, हे बोलके आहे. कॉक्रेन या पुरावे तपासणाऱ्या संस्थेसाठी मेरिक झ्वारेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास एक आढावा प्रसिद्ध केला. हजाराहून अधिक निबंध चाळून झाले आणि त्यांच्या कसोटीला उतरणारा एकही सापडला नाही. २००९ पर्यंत असे सहा अभ्यास मिळाले, २०१३ पर्यंत पंधरा. या पंधरांपैकी सातांत चांगला परिणाम दिसला, चारांत संमिश्र, आणि चारांत काहीच नाही. एकत्र शिकवणारी महाविद्यालये एव्हाना जगभर होती. मग पुरावा एवढा तुटपुंजा का? कारण बहुतेक संशोधक जे मोजत होते ते मोजायला सोपे होते. कार्यशाळेच्या आधी आणि नंतर विद्यार्थ्यांना प्रश्नावली द्यायची, दुसऱ्या व्यवसायाबद्दल त्यांचे मत सुधारले का ते पाहायचे. मत बहुधा सुधारते. पण तीन वर्षांनी तीच मुलगी परिचारिका म्हणून रात्रपाळीला असते आणि तोच मुलगा निवासी डॉक्टर म्हणून, तेव्हा ती त्याला थांबवते का आणि तो थांबतो का, हे प्रश्नावलीत येत नाही. बोल्सिन यांना इतर व्यावसायिकांबद्दल आदर नव्हता असे कोणी म्हटलेले नाही. जे दिसत होते ते त्यांनी वर्षानुवर्षे सांगितले. ब्रिस्टलमध्ये उणीव होती ती ऐकून घेणे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेची.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. एवढ्या सूक्ष्म शस्त्रक्रियेत सर्जनच्या हाताचे कौशल्य हाच खरा प्रश्न नव्हता का? चमूची भाषा ही हात कमी पडल्याचे झाकण्याची सभ्य रीत नाही का? कौशल्याचा प्रश्न होताच. धस्माना स्वतः हे तंत्र पाहायला बर्मिंगहॅमला जाऊन आले होते आणि १९९३ मध्ये त्यांनी नवजात बाळांवरची स्विच शस्त्रक्रिया थांबवली. पण नेमक्या याच शस्त्रक्रियेवर त्याच काळात लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात जे झाले ते शेजारी ठेवून पाहावे. तिथल्या मार्क द लेवाल या नामवंत सर्जनच्या १०४ स्विच शस्त्रक्रियांच्या मालिकेत मध्येच अपयशांचा घोळका आला. त्यांनी तो लपवला नाही. कारखान्यात मालाचा दर्जा घसरू लागला हे वेळीच ओळखण्यासाठी वापरतात ती संख्याशास्त्रीय पद्धत त्यांनी स्वतःच्या निकालांना लावली, दुसऱ्या केंद्रात जाऊन तंत्र घासून घेतले आणि १९९४ मध्ये हे सगळे स्वतःच्या नावाने छापले. मग त्यांनी आणखी मोठा अभ्यास हाती घेतला. ब्रिटनमधली १६ केंद्रे, २१ सर्जन, २४३ स्विच शस्त्रक्रिया. ऑपरेशनच्या वेळी निरीक्षक बसवून बारीकसारीक चुका टिपल्या. २००० मध्ये निष्कर्ष आले ते अनेकांना अनपेक्षित होते. मोठ्या चुका घडतात, पण त्या लगेच लक्षात येतात आणि चमू त्या निस्तरतो; त्या निस्तरल्या गेल्या की धोका बराच कमी होतो. किरकोळ चुका मात्र कोणाच्या लेखी नसतात, त्या साठत जातात, आणि त्यांच्या साठण्याचा मृत्यूशी स्पष्ट संबंध दिसला. किरकोळ चूक पाहणारा माणूस बहुधा सर्जन नसतोच. तो यंत्र चालवणारा, उपकरण हाती देणारा, भूल देणारा असतो. त्याला तोंड उघडता येत नसेल तर उत्तम हातही अपुरे पडतात.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये याचीच दुसरी बाजू दाखवली. छाती पूर्ण न उघडता हृदयशस्त्रक्रिया करण्याचे नवे तंत्र १६ रुग्णालये शिकत होती. कोणते चमू ते लवकर आत्मसात करतात हे त्यांनी तपासले. रुग्णालयाची प्रतिष्ठा किंवा सर्जनची ज्येष्ठता यांवरून उत्तर मिळाले नाही. जिथे सर्जनने सुरुवातीलाच हे काम आपल्या एकट्याचे नाही असे सांगितले आणि इतरांचे बोलणे मागून घेतले, तिथले चमू टिकले आणि शिकले. एडमंडसन यांच्याच आधीच्या, १९९६ च्या अभ्यासात आणखी एक उलटे वाटणारे सत्य होते: औषधे देताना झालेल्या चुकांची नोंद चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत जास्त सापडली. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगायला लोक कमी घाबरत होते. ब्रिस्टलच्या शांततेचा अर्थ या निष्कर्षाच्या उजेडात लागतो. ज्या विभागातून तक्रार येत नाही तो सुरक्षित आहे असे मानणारा प्रशासक धोक्याची खूण उलटी वाचत असतो.

वैद्यकाच्या आधी हा प्रश्न विमानवाहतुकीने सोडवला होता. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान इंधन संपून कोसळले आणि दहा माणसे गेली. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतला होता. इंधन उतरते आहे हे सहकाऱ्यांना दिसत होते, त्यांनी ते सुचवलेही, पण ठासून सांगितले नाही. पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर परिषद घेतली आणि १९८० च्या दशकात कॉकपिटमधल्या संवादाचे प्रशिक्षण विमान कंपन्यांत रुळले. २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ब्रायन सेक्स्टन, एरिक थॉमस आणि रॉबर्ट हेल्मरिच यांनी वैमानिक आणि डॉक्टर यांची तुलना छापली. कनिष्ठांचे न ऐकणारी उतरंड ९७ टक्के वैमानिकांनी नाकारली. वरिष्ठ सर्जनांपैकी फक्त ५५ टक्क्यांनी. वरिष्ठ सर्जनांबरोबर सहकार्य उत्तम आहे असे ६४ टक्के सर्जन म्हणत होते, तर शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिकांपैकी २८ टक्केच. एकाच खोलीत, एकाच टेबलाभोवती उभ्या असलेल्या माणसांच्या अनुभवात एवढी दरी होती आणि वर उभ्या असलेल्यांना ती दिसत नव्हती.

ती दरी भरून काढणारे प्रयोग कोणते? अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अतिदक्षता विभागांतली एक साधी गोष्ट धरली: मोठ्या शिरेत नळी घालताना होणारा रक्तसंसर्ग. हात धुणे, रुग्णाला पूर्ण झाकणे, कातडी योग्य द्रावणाने पुसणे असे पाच नियम ठरले. नियम नवे नव्हते. नवे हे होते की डॉक्टरने एखादा टप्पा गाळला तर परिचारिकेने काम थांबवायचे आणि व्यवस्थापनाने तिच्या पाठीशी उभे राहायचे. शिवाय संसर्गाचे आकडे विभागाला नियमित परत मिळत. १०३ विभागांचे निकाल २००६ मध्ये छापून आले. दर हजार कॅथेटर-दिवसांमागे सरासरी संसर्ग ७.७ होता, तो दीड वर्षात १.४ वर आला. दुसरा प्रयोग अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला. तिथल्या १०८ केंद्रांपैकी ७४ केंद्रांत शस्त्रक्रियेच्या चमूंना एकत्र प्रशिक्षण दिले गेले: आधी दोन महिन्यांची तयारी, मग एका दिवसाचे शिबिर, मग वर्षभर पाठपुरावा. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सगळ्यांनी मिळून बोलायचे, हा कामाचा भाग झाला. २०१० मध्ये छापलेल्या निकालांत प्रशिक्षित केंद्रांत मृत्यू १८ टक्क्यांनी घटले, इतरांत ७ टक्क्यांनी. या दोन्ही ठिकाणी शिकणारी माणसे रोज एकत्र काम करणारी होती, शिकणे कामाच्या जागी होते, आणि शिकलेले मोडणाऱ्याला अडवण्याची मुभा सर्वांत खालच्या माणसालाही होती.

इथे दुसरा, जास्त बोचरा आक्षेप येतो. असे प्रयोग दुसरीकडे नेले की विरून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचा प्रयोग जगातल्या आठ शहरांत झाला, त्यांत नवी दिल्लीही होती. २००९ च्या निकालांत मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलेले दिसले. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने ती यादी सर्वत्र लागू केली आणि १०१ रुग्णालयांचा हिशेब २०१४ मध्ये मांडला गेला: ०.७१ टक्क्यांवरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच नाही. इंग्लंडने मिशिगनचा प्रयोग गिरवला तेव्हा संसर्ग कमी झाले खरे, पण कार्यक्रमात अजून न आलेल्या विभागांतही ते तेवढेच कमी होत होते. शिवाय मिशिगनमध्ये तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि माजी सैनिकांच्या रुग्णालयांत कोणाला आधी शिकवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. हे सगळे मान्य केले पाहिजे. टक्केवारीचा प्रत्येक अंश प्रशिक्षणाच्या खाती जमा करणे भाबडेपणाचे ठरेल. पण अपयशांची जात पाहिली तर ती माझ्या म्हणण्याला बळच देतात. ओंटारिओत यादी सक्तीने आली, तीसोबत चमूचे प्रशिक्षण आलेच असे नाही. यादीवर खुणा झाल्याचे प्रमाण जवळजवळ शंभर टक्के नोंदले गेले. कागद भरला गेला आणि खोलीतली सत्ता होती तिथेच राहिली, तर निकाल बदलण्याचे कारण उरत नाही. एकत्र बसवून दिलेले व्याख्यान आणि सक्तीने भरलेला कागद या दोन्हींत एकच उणीव आहे: दोन्ही अधिकाराला हात लावत नाहीत.

तिसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा. रक्तस्राव चालू असताना लोकशाही चालत नाही. कोणीतरी एकाने हुकूम द्यावाच लागतो. खरे आहे, आणि उत्तम चमूंवरच्या संशोधनाने हे नाकारलेलेही नाही. ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्येच शस्त्रक्रियागृहातून अतिदक्षता विभागात बाळ सोपवण्याची पद्धत फेरारीच्या फॉर्म्युला वन पथकाच्या मदतीने नव्याने आखली गेली. मोटार थांबते त्या काही सेकंदांत कोण कुठे उभा राहील, कोण इशारा देईल, कोणाच्या शब्दावर गाडी निघेल, हे पथकात आधीच ठरलेले असते. तेच इथे आणले: नेता कोण हे स्पष्ट केले, आधी यंत्रे जोडायची, मग माहिती द्यायची, मग शंका विचारायच्या असा क्रम लावला. २००७ मध्ये केन कॅचपोल आणि सहकाऱ्यांनी निकाल छापले. तांत्रिक चुका सुमारे ४२ टक्क्यांनी घटल्या. नेता ठरलेला असणे आणि कनिष्ठाला बोलण्याची वेळ राखून ठेवलेली असणे, या दोन्ही गोष्टी एकाच आखणीत बसल्या. ब्रिस्टलमध्ये उतरंड अति होती असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अतिदक्षता विभागातल्या बाळाचा नेता कोण हेही तिथे ठरलेले नव्हते. गप्प बसवणारी सत्ता आणि निर्णय घेणारे नेतृत्व ही वेगळी आहेत. पहिली होती, दुसरे नव्हते.

आपल्याकडे हा इतिहास कामाचा आहे, कारण आपण नेमके त्याच्या पहिल्या अर्ध्यावर उभे आहोत. वैद्यकीय शिक्षणासाठी २०१९ चा कायदा, संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा, परिचर्या आणि प्रसूतिशास्त्रासाठी २०२३ चा, अशा तीन वेगळ्या चौकटी उभ्या राहिल्या आहेत. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमूल्ये यांचा भाग आला, हे चांगलेच झाले. महाराष्ट्राकडे तर १९९८ पासून नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, ज्याच्या एका छताखाली वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, फिजिओथेरपी अशा शाखा नांदतात. एकत्र शिकवण्यासाठी याहून सोयीची रचना क्वचित कुठे असेल. पण सामायिक तास लावून आणि प्रमाणपत्रे वाटून थांबलो तर आपण ब्रिटनने केलेलीच चूक त्यांचा खर्च डोळ्यांपुढे असूनही पुन्हा करू. रुग्णालयांनी आधी दोन गोष्टी कराव्यात. परिचारिकेने किंवा भूलतज्ज्ञाने शस्त्रक्रिया थांबवली तर त्याचा त्रास त्यांना होणार नाही, हे लेखी नियमात आणावे. आणि प्रत्येक विभागाचे मृत्यू आणि गुंतागुंतीचे आकडे त्या विभागातल्या प्रत्येकाला, आयाबाईंपासून विभागप्रमुखापर्यंत, दर महिन्याला दाखवावेत. एकत्र शिकवण्याचा अभ्यासक्रम त्यानंतर आखला तर त्याला अर्थ येईल. त्याआधी आखला तर तो प्रश्नावलीत चांगले गुण मिळवील आणि वॉर्डात काहीच बदलणार नाही.